डिस्प्लेवर ३८५, हायवेवर २०५

प्रश्न : आमच्या इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी ५० युनिटची आहे, म्हणजे वापरता येते तेवढी, पुस्तिकेत तसंच लिहिलंय. कंपनीने सांगितलेली रेंज ४६० किमी. शहरात ३८०-३८५ मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही. गेल्या महिन्यात बहिणीकडे निघालो. अंतर २६० किमी, बॅटरी फुल, डिस्प्लेवर ३८५. आम्ही चौघं, कॅरिअरवर दोन मोठ्या बॅगा, एसी चालू, मीटरवर १२० चा वेग. १५० किमी झाले तेव्हा बॅटरी २७ टक्क्यांवर आली होती! तिथे चार्जर होता म्हणून निभावलं. ती जागा आमच्या घरापेक्षा साधारण २५० मीटर उंचावर आहे, पुढचा रस्ता सपाट. परतताना बॅगा आत ठेवल्या, कॅरिअर मात्र तसंच होतं. त्याच १५० किमीला त्याच वेगात ६२ टक्के लागले. जाताना ट्रिप मीटरवर २४.३ असा आकडा दिसत होता, त्याचा अर्थ कळला नाही. नवरा म्हणतो इको मोड लाव आणि एसी बंद कर. बॅटरी खराब झालीय का? आणि वेग ठेवायचा तरी किती?

उत्तर : ताई, बॅटरी ठणठणीत आहे, आणि हे तुमच्याच पत्रातल्या आकड्यांवरून सांगता येतं. २४.३ म्हणजे १०० किमीला २४.३ युनिट. दीडशे किमीला त्याचे झाले ३६.५ युनिट. तेवढ्यात तुमचे ७३ टक्के गेले. ३६.५ ला ०.७३ ने भागा, उत्तर येतं ५०. पुस्तिकेत लिहिलेली ५० युनिटं तुमच्या बॅटरीत पुरेपूर आहेत. हा हिशेब दर सहा महिन्यांनी एकदा करून लिहून ठेवा. फक्त बॅटरी एका दमात निदान ६० टक्के उतरलेली हवी. दहा-पंधरा टक्क्यांवरून काढलेलं उत्तर फसवतं, कारण डिस्प्लेवरचा एक टक्का इकडे-तिकडे झाला तरी उत्तर बरंच हलतं.

मग एवढी वीज गेली कुठे? निम्म्याहून बरीच जास्त हवा बाजूला सारण्यात.

सपाट रस्त्यावर एका वेगाने चाललेल्या गाडीला दोन गोष्टी मागे ओढतात. एक, टायर रस्त्यावर दबतात-फुगतात त्यात जाणारी ताकद. ती वजनावर ठरते आणि वेगाने फारशी बदलत नाही. दुसरी, हवेचा विरोध. तो वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट केला की विरोध चौपट, आणि तेवढंच अंतर कापायला हवेपायी लागणारी वीजही चौपट. तुमच्यासारख्या मध्यम आकाराच्या, थोड्या उंच, माणसांसकट दोन टन भरणाऱ्या गाडीत ताशी ६० ला टायरचा वाटा मोठा असतो. ८० च्या आसपास दोन्ही बरोबरीला येतात. ११५ ला हवा टायरच्या दुपटीहून जास्त वीज खाते. मोटर आणि इलेक्ट्रॉनिक्समध्ये जाणारी बारा टक्के आणि एसीचा एक किलोवॅट धरला, तर टपावर काहीही नसताना हिशेब असा येतो : ताशी ६० ला १०० किमीमागे ११.५ युनिट, ८० ला १४, ९० ला १५.६, १०० ला १७.४, ११५ ला २०.६, १२० ला २१.८. तुमच्या ५० युनिटमध्ये ६० च्या वेगाने ४३५ किमी जाता येईल, १०० ने २८५ आणि १२० ने जेमतेम २३०. गाडी तीच, बॅटरी तीच.

पेट्रोलच्या गाडीलाही हवा एवढीच अडवते. तिथे ते जाणवत नाही, कारण इंजिन शहरात इतकं इंधन वाया घालवतं की हायवेवर त्याची कामगिरी सुधारते आणि हवेचा खर्च त्यात झाकला जातो. इलेक्ट्रिक मोटर शहरातही काटकसरी असते, ब्रेक लावताना वीज परतही मिळवते. शहरातला खर्चच मुळात कमी, म्हणून हायवेवरचा खर्च डोळ्यांत भरतो.

तुमच्या मीटरवर १२० असलं तरी खरा वेग ११५ च्या आसपास असणार. स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी दाखवायचं नाही, असा संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतला दंडक आहे. थोडा जास्त दाखवला तर चालतो, म्हणून कंपन्या तो मुद्दाम किंचित वर ठेवतात. मोबाइलच्या जीपीएसवर एकदा ताडून पाहा आणि खालचे सगळे आकडे खऱ्या वेगाचे समजा.

आता जाण्या-येण्यातला फरक. तुम्ही दोन्ही वेळचे टक्के लिहिलेत हे फार बरं केलंत, त्यामुळे चोर पकडता येतो. जाताना ७३, येताना ६२; फरक ११ टक्के, म्हणजे साडेपाच युनिट. दोन टनांची गाडी २५० मीटर वर चढवायला साधारण दीड युनिट जास्त लागतं. उतरताना रस्ता सौम्य उताराचा असेल आणि ब्रेक लावावा लागत नसेल, तर तेवढंच वाचतं. दोन्ही मिळून तीन युनिट उंचीच्या खात्यावर. उरलेली अडीच युनिट टपावरच्या बॅगांची. दीडशे किमीत अडीच युनिट, तेही रिकामं कॅरिअर खातं त्याच्या वर! रिकाम्या दांड्यासुद्धा हवा कापतात आणि शिट्टीसारखा आवाज करतात. तो आवाज म्हणजे तुमचीच वीज. टप साफ असता तर जाताना २४.३ ऐवजी २१.६ लागले असते आणि १५० किमीवर २७ ऐवजी ३५ टक्के उरले असते.

म्हणून पहिलं काम, कॅरिअर वापरात नसेल तेव्हा दांड्यांसकट उतरवून ठेवा. सामान डिकीत आणि पायाशी कोंबलेलं परवडतं. शंभर किलो वजन आत वाढलं तर सपाट रस्त्यावर १०० किमीला जेमतेम ०.३ युनिट जास्त लागतं. माणसं आणि सामान यांना लोक उगाच दोष देतात. सामान टपावर गेलं की हवेशी भांडण सुरू होतं. काही सामान बाहेर न्यावंच लागलं, तर मागच्या दाराला लावायचं कॅरिअर टपापेक्षा बरं, कारण ते बरंचसं गाडीच्या आडोशाला राहतं. नंबर प्लेट आणि दिवे झाकले जाणार नाहीत एवढं पाहा.

नवऱ्याच्या सूचनांबद्दल. एसी चालायला लागला की सरासरी एक किलोवॅट धरा, म्हणजे तासाला एक युनिट. ११५ च्या वेगात १०० किमीला ते ०.९ युनिट होतं. वेग ११५ वरून ११० वर आणला तर १.१ युनिट वाचतं. पाच किलोमीटर वेग कमी करा आणि थंड बसा! काचा उघडून हायवेवर जाणं तर दोन्हीकडून तोट्याचं, हवेचा विरोध वाढतो तो वेगळाच. निघण्याआधी गाडी चार्जरला लावलेली असतानाच दहा मिनिटं आधी एसी सुरू करा. तापलेली गाडी थंड करायला लागणारी पहिली वीज मग बॅटरीतून जात नाही. वाहतूक कोंडीत मात्र एसीचं गणित उलटं होतं. ताशी २० ने रांगत असाल तर तोच एक किलोवॅट १०० किमीमागे पाच युनिटांचा भार होतो, कारण किलोमीटर पुढे सरकत नाहीत आणि तास सरकतात.

इको मोड पेडलचा प्रतिसाद मऊ करतो आणि एसी थोडा आवरतो. शहरात त्याचा उपयोग आहे. सपाट हायवेवर क्रूझ कंट्रोलने, म्हणजे वेग आपोआप कायम ठेवणाऱ्या सोयीने, १०० ठेवले, की कुठलाही मोड असला तरी हवा तेवढीच अडवणार. इको मोडने फायदा झाला असं ज्यांना वाटतं, त्यांचा बहुतेक वेळा वेगच त्या मोडमध्ये कमी झालेला असतो. रिजेनची, म्हणजे वेग कमी होताना वीज परत मिळवण्याची, पातळी वाढवूनही सरळ हायवेवर काही हाती लागत नाही. रिजेन गेलेल्या विजेतला काही भागच परत देतं, त्यामुळे पुढची गाडी हळू होताना दिसली की लांबूनच पेडल सैल सोडणं कधीही सरस. ट्रकच्या मागे चिकटून चाललं की हवा कमी लागते हे खरं आहे. पण ज्या अंतरावर तो फायदा मोठा मिळतो, त्या अंतरावर ट्रकने ब्रेक लावला तर तुम्हाला थांबता येत नाही. ते कधीही करू नका.

कंपनीच्या ४६० चं काय? चाचणीचा आकडा खोटा नसतो, तो वेगळ्या प्रवासाचा असतो. युरोपातली डब्ल्यूएलटीपी चाचणी अर्ध्या तासाची, सुमारे २३ किलोमीटरची. तिच्यात सर्वाधिक वेग १३१ पर्यंत जातो, पण सरासरी ४६.५ चीच पडते. तापमान २३ अंश, एसी बंद. भारतातल्या एमआयडीसी (मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल) चाचणीत वेग ९० च्या वर जातच नाही. अमेरिकेतली ईपीए ही सरकारी पर्यावरण संस्था चाचणीत आलेला आकडा सर्वसाधारणपणे ०.७ ने गुणून जाहीर करते, म्हणून त्यांचा आकडा हायवेच्या जवळ वाटतो. दोन गाड्यांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच चाचणीचे घ्या. प्रवास ठरवताना यातला एकही घेऊ नका.

डिस्प्लेवरच्या ३८५ वरही हायवेला विसंबू नका. गाडी मागच्या काही किलोमीटरांचा खर्च बघून पुढचा अंदाज बांधते. आठवडाभर तुम्ही शहरात १०० किमीला १३ युनिटने गाडी चालवलीत, म्हणून तिने ५० भागिले १३ केलं आणि ३८५ लिहिलं. उद्या तुम्ही हायवेला लागणार आहात हे तिला ठाऊक नसतं. गाडीच्या नकाशात मुक्कामाचं ठिकाण टाकलं तर बऱ्याच गाड्या रस्त्याचा वेग आणि चढ धरून पोचताना किती टक्के उरतील ते सांगतात. तो आकडा जास्त भरवशाचा.

त्याहून भरवशाचा तुमचा स्वतःचा आकडा. एखाद्या निवांत सकाळी ट्रिप मीटर शून्यावर आणा. हायवेवर एकाच वेगाने ३०-४० किमी जा, तोच रस्ता त्याच वेगाने परत या. जाऊन-येऊन केल्यामुळे चढ आणि वारा बऱ्यापैकी फिटतात. आलेली सरासरी लिहून ठेवा. हे १०० च्या वेगाला एकदा आणि तुमच्या नेहमीच्या वेगाला एकदा करा. मग त्याचं एका टक्क्यात किती किलोमीटर असं रूपांतर करा, कारण गाडी चालवताना डोळ्यांसमोर टक्केच असतात. तुमच्या गाडीत एक टक्का म्हणजे अर्धा युनिट. १०० ला १७.४ लागत असतील तर टक्क्याला २.९ किमी. ११५ ला २.४. त्या दिवशी टपावर बॅगा, चढ आणि ११५ मिळून टक्क्याला २ किमीच्या थोडं वर पडत होते. निघाल्यावर २५ किमीवर एकदा पाहा : ९ टक्के गेले असतील तर ठीक, १२ गेले असतील तर काहीतरी जास्त खातंय. हे तुम्हाला २५ किमीवर कळतं, दीडशेवर नाही. फुल चार्जनंतर पहिला टक्का कधी कधी उशिरा उतरतो, म्हणून दहा किमीवर घाईने निष्कर्ष काढू नका.

जास्त खाणारं बहुतेक वेळा वारा असतो. तुम्ही १०० ने चाललात आणि समोरून २० चा वारा आहे, तर हवेच्या दृष्टीने तुम्ही १२० ने चालला आहात. रेंज २८५ वरून २३० वर येते आणि स्पीडोमीटरवर काहीच दिसत नाही. मागून तेवढाच वारा असेल तर फायदा होतो, पण समोरच्याने होणाऱ्या तोट्याइतका नाही. रस्त्यावर पाणी साचलेलं असेल तर टायरना ते बाजूला सारावं लागतं, तोही खर्च. थंडीत तीन गोष्टी एकदम येतात : हवा जड होते, गार बॅटरी कमी देते, आणि साधा हीटर असलेली गाडी केबिन तापवायला तीन ते पाच किलोवॅट ओढते. सीटचा हीटर शंभर वॅटच्या आतबाहेर काम भागवतो. हीट पंप, म्हणजे उलट्या चालणाऱ्या एसीसारखी यंत्रणा, असलेल्या गाडीत हा मार बराच हलका होतो.

टायरची हवा गार टायरमध्ये तपासा, म्हणजे निघण्यापूर्वी. दारावरच्या पट्टीवर पूर्ण भारासाठी वेगळा आकडा दिलेला असतो, चौघं आणि सामान असताना तो भरा. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की दाब साधारण एक पीएसआय उतरतो, म्हणून ऋतू बदलला की पुन्हा बघा. टायर बदलायची वेळ आली की कंपनीने दिलेल्या कमी विरोधाच्या टायरऐवजी कुठलेही बसवले, तर त्याच रस्त्याला रेंज घटते आणि लोक बॅटरीवर संशय घेतात.

सर्व्हिस सेंटरला जायची वेळ वेगळ्या खुणांनी ओळखा. टक्के एकदम कोसळले, समजा २० वरून थेट ८ वर आले. सुरुवातीला दाखवलेला ५० चा हिशेब दोन-तीनदा नीट करूनही ४२-४३ येतोय. किंवा हायवेवरून उतरल्यावर एका चाकाची रिम बाकीच्यांपेक्षा स्पष्ट जास्त गरम लागते, म्हणजे तिथला ब्रेक चिकटून राहतोय. हात रिमजवळ नेऊन धग पाहा, लावू नका. तुमची बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची असेल तर ती पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे अधूनमधून १०० टक्के भरा. त्या बॅटरीचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ हलत नाही, त्यामुळे पूर्ण भरल्याशिवाय गाडीला खरे टक्के नीट कळत नाहीत आणि शेवटी उडी मारतात.

लांबच्या प्रवासात बॅटरी ५० युनिटची धरू नका. पहिल्या टप्प्याला १०० ते १५, पुढच्या प्रत्येक टप्प्याला ८० ते १५ एवढीच तुमची. ८० नंतर फास्ट चार्जर वेग कमी करत नेतो, शेवटच्या वीस टक्क्यांना आधीच्या सत्तर टक्क्यांइतका वेळ सहज लागू शकतो. खालचे पंधरा टक्के चार्जर बंद निघाला तर पुढच्या चार्जरपर्यंत पोचायला आहेत. त्या पट्टीत अडकलातच तर १०० वरून ६० वर या, एसी बंद करा. १५ वरून ५ टक्क्यांपर्यंतच्या पाच युनिटांत १०० ने २८ किमी जाता येतं, ६० ने एसी बंद ठेवून ५० च्या आसपास. मात्र डावीकडच्या लेनमध्ये राहा, आणि मागची वाहतूक भरधाव असेल तर ६० चा हट्ट धरू नका, ८० सुद्धा बरंच वाचवतं.

आता तुमचा २६० किमीचा रस्ता, कॅरिअर उतरवून, चढाचं दीड युनिट मोजून, १५ टक्के शिल्लक ठेवून पोचायचं असं धरू. खऱ्या ९० ने ४२ युनिट लागतात, म्हणजे ८४ टक्के. न थांबता २ तास ५३ मिनिटांत पोचाल. १०० ने ४६.८ लागतात, म्हणून वाटेत सव्वाचार युनिट भरावे लागतील. चार्जर सरासरी ४० किलोवॅट देत असेल तर साडेसहा मिनिटं, आणि रस्ता सोडणं, केबल लावणं, पैसे भरणं यात नऊ : एकूण २ तास ५२. ११५ ने ५५ युनिट लागतात, साडेबारा भरायचे, एकोणीस मिनिटं अधिक तीच नऊ : एकूण २ तास ४४. चार्जर २५ किलोवॅटचाच निघाला तर ११५ वालेही २ तास ५५ वर जातात. समोर एक गाडी रांगेत असली तर ९० वाला आधी पोचतो.

आमचं मत १०० चं, एका थांब्यासह. तीन तास बसून राहण्यापेक्षा मधे पाय मोकळे होतात, आणि चार्जर बंद निघालाच तर वेग ९० च्याही खाली आणून पोचता येतं. ११५ ने आलात तर १५ टक्के राखून पोचण्याचा तो मार्ग उरत नाही. १५० किमीच्या त्या चार्जरवर पोचताना डिस्प्लेवर ४५ टक्के दिसायला हवेत. पुढच्या ११० किमीला ३८ लागणार आहेत, तेव्हा तिथे ५५ पर्यंत भरा आणि निघा. पोचताना ४५ ऐवजी ४० च्या खाली असेल, तर समोरून वारा आहे किंवा टायरमध्ये हवा कमी आहे. टायर तिथेच बघा, ६५ पर्यंत भरा, आणि पुढचा टप्पा ९० ने करा.